पेडलच्या डबीवर कोरीव नक्षी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या फझ पेडलवर (गिटारचा आवाज खरखरीत करणारी, पायाने दाबायची डबी) 'आवाज' हा शब्द उलटा कोरलेला आहे. आरशासमोर धरला की झकास वाचता येतो. सर्किट पहिल्या फटक्यात चाललं होतं, सोल्डरिंगही बरं जमलं होतं. घोटाळा झाला तो प्रिंट काढताना एक टिचकी मारायची राहिली म्हणून. त्यानंतर बऱ्याच डब्या कोरल्या, काही भंगारात टाकल्या आणि एक गोष्ट पक्की कळली: डबी धातू खाणाऱ्या द्रावणात जाते तोवर तिचं बरंवाईट ठरून गेलेलं असतं. रसायनाचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. त्याआधीचं मोजणं, घासणं, पुसणं दोन-तीन तासांचं, आणि नवखी माणसं नेमकं तेच उरकून टाकतात. म्हणून इथेही मी तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

डबी कोणती घ्यायची

पेडलसाठी वापरतात ती डबी डायकास्ट अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून ओतलेली असते. हॅमंड कंपनीचे नंबर या छंदात मापाची भाषा झाले आहेत. '१५९०बी' म्हणजे साधारण ११२ × ६० × ३१ मिमी, '१२५बी' म्हणजे साधारण १२२ × ६६ × ४० मिमी. इतर उत्पादकांच्या डब्याही याच नावांनी ओळखल्या जातात. पहिल्या कामाला १२५बी घ्या. आत हात फिरायला जागा राहते आणि वर नक्षीला मैदान मिळतं.

डबी कोरी हवी, रंगवलेली नको. पावडर कोटिंग असेल तर ते आधी खरवडून काढावं लागतं आणि त्यात अख्खा दिवस जातो. आणखी एक बारकावा: साच्यातून सुटून यावी म्हणून डबीच्या बाजू किंचित तिरक्या असतात. बाजूच्या भोकांची मापं घेताना काटकोन धरून चाललात तर फसाल. मापं नेहमी डबीच्या मध्यरेषेपासून घ्या.

आधी भोकं, मग चित्र

चित्र आधी काढून त्यात नॉब बसवायला गेलात की राक्षसाच्या डोळ्यातच फूटस्विच (पायाने दाबायचा स्विच) येतो. कागदावर किंवा कॉम्प्युटरवर डबीचा वरचा चेहरा खऱ्या मापात आखा आणि पहिल्यांदा भोकांची केंद्रं टाका. १६ मिमीच्या साध्या पोटेन्शिओमीटरला (नॉबखालचा फिरवायचा भाग) ७ मिमीचं भोक, थ्री-पी-डी-टी फूटस्विचला (एका दाबात तीन जोडण्या बदलणारा) १२ मिमी, गिटारच्या जॅकला ९.५ ते १० मिमी, डीसी पॉवरच्या प्लास्टिक सॉकेटला बहुधा १२ मिमी, ५ मिमी एलईडीला नुसतीच बसवायची तर ५ आणि होल्डर असेल तर होल्डरच्या मापाचं. बहुधा म्हटलं, कारण सुटे भाग हातात आल्यावर कॅलिपर लावून बघणं हाच खरा नियम.

आता नॉबचा हिशेब. नॉबचा व्यास २० मिमी असेल तर केंद्रापासून १० मिमीपर्यंत सगळं झाकलं जाणार. वर बोटं फिरायला ३-४ मिमी सोडा. म्हणजे अक्षरं केंद्रापासून निदान १४ मिमीवर सुरू व्हायला हवीत. फूटस्विचच्या वॉशरखाली आणि त्याच्या भोवतालच्या पट्ट्यातही मजकूर नको, तिथे बूट घासणार आहे. गिटार आत जाण्याचा जॅक वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला आणि बाहेर जाण्याचा डाव्या हाताला, ही रूढ मांडणी पाळा. मागच्या बाजूला पॉवर सॉकेटजवळ ध्रुवांची खूण कोरा किंवा रंगवा. बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांत मधली पिन ऋण असते, पण काही जुन्या धाटणीच्या फझमध्ये ती धन असते. सहा महिन्यांनी आपलंच पेडल आपल्याला आठवत नाही.

प्रत्येक भोकाच्या केंद्रावर चित्रातच बारीक अधिक-चिन्ह ठेवा. चित्राबरोबर तेही कोरलं जातं आणि ड्रिलची खूण आपोआप तयार होते. चित्र दोन मिमी सरकलं तरी भोकंही त्याच्याबरोबर सरकतात, नक्षीशी त्यांचं नातं तुटत नाही.

रेषा किती जाड?

रसायन धातू फक्त खाली खात नाही, आडवाही खातं. ढोबळमानाने जितकं खोल तितकंच दोन्ही बाजूंना. ०.२ मिमी खोल कोरलंत तर खाचेची रेषा साधारण ०.४ मिमीने रुंद होते. उलट अक्षर उठावाचं असेल, म्हणजे भोवतालचं खाऊन अक्षर उंच ठेवायचं असेल, तर तेच ०.४ मिमी अक्षरातून वजा होतात. ०.५ मिमीच्या नाजूक उठावरेषेचं मग काय उरणार?

म्हणून पहिल्या डबीवर अक्षरं खाचेची करा, उठावाची नको. टोनरने, म्हणजे लेझर प्रिंटरच्या काळ्या भुकटीने, बहुतेक पृष्ठभाग झाकलेला राहतो, थोडाच धातू उघडा पडतो आणि उष्णताही कमी निघते. अक्षरं निदान ४ मिमी उंच, ठळक आणि साध्या वळणाची ठेवा.

देवनागरीत लिहिणार असाल (लिहाच, 'टोन'पेक्षा 'धार' भारी दिसतं) तर दोन गोष्टी सांभाळा. 'ध', 'क्ष', 'ष' यांच्या पोटातली जागा लहान असते. खाच रुंदावली की ती पोटं बुजतात, म्हणून आतल्या जागा मोकळ्या असलेला फॉन्ट निवडा. उठावाच्या अक्षरांत अनुस्वाराचा टिंब एकटा पडतो आणि पहिला तोच उडतो. 'गोंगाट' लिहून 'गोगाट' मिळालेली डबी माझ्याकडे आहे.

छापणं

लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्स हवं, इंकजेट चालत नाही. लेझरचा टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी. उष्णतेने ती वितळून धातूला चिकटते आणि द्रावणाला अडवते. कागद गुळगुळीत, चकचकीत घ्या. रंगीत मासिकाचं पान चालतं, टोनर ट्रान्सफरसाठी मिळणारा खास कागद आणखी बरा.

छापण्याआधी चार गोष्टी बघा. चित्र आरशातल्यासारखं उलटं केलंय? (हीच ती टिचकी.) रंग उलटे केलेत? जिथे काळं, तिथे धातू शाबूत राहणार. म्हणजे खाचेची अक्षरं पांढरी आणि भोवताल काळा हवा. टोनर वाचवण्याचा पर्याय बंद आहे? आणि छपाई बरोबर १०० टक्के मापावर आहे? 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला की चित्र दोन-चार टक्के आक्रसतं, डोळ्यांना दिसत नाही आणि ड्रिल करताना कळतं. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून डबीवर ठेवा आणि पट्टीने मोजा.

घासणं

डबीच्या कोऱ्या पृष्ठभागावर ओतकामाचे वळ, बारीक खड्डे आणि साच्याला लावलेल्या तेलाचा अंश असतो. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा, मग २४०, ३२० आणि ४०० वर थांबा. आरशासारखं चकचकीत करू नका. टोनरला धरायला थोडा खरखरीतपणा लागतो. कागद हातात धरून घासू नका. काचेच्या तुकड्यावर किंवा सपाट फरशीवर चिकटवा आणि डबी उपडी धरून त्यावर फिरवा. हाताने घासलं की कडा जास्त झिजतात, मधे उंचवटा राहतो आणि पुढे इस्त्री कडांना टेकतच नाही.

पुरेसं घासलं गेलंय हे कसं ओळखायचं? डबी खिडकीसमोर तिरकी धरा. एकाच दिशेचे बारीक ओरखडे टोकापासून टोकापर्यंत सलग दिसायला हवेत. मधे कुठे मळकट बेट दिसलं तर तिथे खळगा आहे, अजून घासा.

मग भांड्याच्या साबणाने धुवा, वाळवा आणि अ‍ॅसिटोनने पुसा. फडक्यावर करडा रंग यायचा थांबेपर्यंत पुसा. यानंतर त्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. एका अंगठ्याच्या ठशाएवढा घामही टोनरला हुसकावून लावतो, आणि मग कोरल्यावर तिथे तुमचा अंगठा कायमचा उमटलेला सापडतो.

इस्त्री

डबी धातूचा गोळा आहे, उष्णता पिऊन घेते. थंड डबीवर कागद ठेवून इस्त्री दाबली तर टोनर कागदालाच चिकटून राहतो. डबीच्या पोटात नीट बसेल असा लाकडाचा ठोकळा घाला, वर कोरा कागद ठेवून सुती कपड्यांच्या तापमानावर, वाफ बंद करून, दोन-तीन मिनिटं डबी तापवा. मग छापील कागद, टोनर खाली, एकदाच आणि नेमक्या जागी ठेवा. ठेवल्यावर सरकवायचा नाही.

पहिलं अर्धं मिनिट इस्त्री नुसती दाबून धरा, म्हणजे कागद जागेवर बसेल. नंतर चार-पाच मिनिटं टोकाने आणि कडेने सगळीकडे जोर द्या, कोपऱ्यांवर जास्त. डबी पूर्ण निवू द्या. मग कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा आणि कागद अंगठ्याने गोल-गोल चोळून काढा. ओढायचा नाही. अक्षरांच्या खाचांत कागदाचा लगदा राहतो, तो जुन्या दातांच्या ब्रशने काढा. लगदा असेल तिथे द्रावण पोचत नाही. इथे 'पी हळद नि हो गोरी' चालत नाही. अर्धवट वाटलं तर सगळं अ‍ॅसिटोनने पुसून पुन्हा छापा, कागदाचंच नुकसान होतं.

डबी उजेडात धरली की काळ्या भागात टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतील. ऑइल पेंट मार्करने किंवा नेलपॉलिशने ती बुजवा. चारही बाजू आणि कडा पॅकिंग टेपने झाका आणि टेपच्या कडा नखाने दाबून घ्या. आतली बाजू कोरडी राहिली पाहिजे.

द्रावण

दोन रस्ते आहेत. पीसीबी (सर्किटची तांब्याची पाटी) बनवणाऱ्यांच्या ओळखीचं फेरिक क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमवर फार आक्रमक चालतं. तांब्यावर ते शांतपणे काम करतं, अ‍ॅल्युमिनियमवर मात्र उकळी फुटल्यासारखं तापतं, फेसाळतं, त्रासदायक वाफा सोडतं आणि तापलेला टोनर सुटून येतो. ते वापरणारच असाल तर पीसीबीच्या तीव्रतेचं द्रावण निदान तेवढ्याच पाण्यात पातळ करा. ओतताना द्रावण पाण्यात ओतायचं, पाणी द्रावणात नाही. त्याचे डागही जन्माचे: कपडे, फरशी, सिंक.

नवख्यांना मी दुसरा रस्ता सांगतो: मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि साधं मीठ. लिटरभर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम मोरचूद आणि तितकंच मीठ. मीठ विरघळलं की निळा रंग हिरवट होतो. नुसतं मोरचूद अ‍ॅल्युमिनियमवर जवळजवळ ढिम्म बसून राहतं, कारण या धातूवर ऑक्साइडचा पातळ, चिवट थर असतो. मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं. मग अ‍ॅल्युमिनियम द्रावणात उतरतं आणि त्याच्या जागी तांबं बाहेर पडून लालसर-तपकिरी भुसा जमतो. बरोबर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, तेव्हा जवळपास ज्योत किंवा सिगरेट नको. उघड्या हवेत किंवा खिडक्या उघडून काम करा.

नायट्राइलचे हातमोजे आणि बंद गॉगल, दोन्ही घालायचे. भांडं प्लास्टिकचं, स्वयंपाकात पुन्हा कधीही न जाणारं. वापरलेलं द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत लगेच बंद करू नका, वायू साठून बाटली फुगते. कॉस्टिक सोड्याने झटपट होतं असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो अ‍ॅल्युमिनियमबरोबर भडकतो आणि त्याचा एक थेंब डोळा घालवू शकतो.

ट्रेमध्ये बोटभरापेक्षा कमी द्रावण घ्या. डबी उपडी धरून फक्त चेहरा बुडवा आणि सतत हलकी डोलवत राहा, नाहीतर बुडबुडे खाली अडकून तिथे खाच उथळ राहते. अर्ध्या मिनिटाने उचला, साध्या पाण्याच्या बादलीत बुडवा, मऊ ब्रशने लाल भुसा झटका, पुन्हा द्रावणात. हे चक्र चालू ठेवा. डबीला मोज्यातूनही ऊब जाणवली की गार पाण्यात मिनिटभर जास्त ठेवा. तापलं की टोनर सुटणार, हे डोक्यात पक्कं असू द्या.

किती वेळ? द्रावण ताजं असेल तर एकूण दहा-पंधरा मिनिटं, जुनं असेल तर जास्त. घड्याळापेक्षा नखावर भरवसा ठेवा. धुतलेल्या डबीवर हातमोजा काढून नख फिरवा. खाचेच्या कडेला ते स्पष्ट अडकलं की पुरे. टोनरच्या कडा उचलल्या जाताना दिसल्या तर लगेच थांबा. उथळ खाच रंगाने सावरता येते, उखडलेला टोनर सावरता येत नाही.

भरपूर पाण्याने धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून काढा, वाळवा आणि अ‍ॅसिटोनने टोनर पुसून टाका. काळ्याखालून चकचकीत धातू निघतो तो क्षण मजेचा असतो.

संपलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. त्यात तांबं असतं, ते पाण्यातल्या जीवांना घातक असतं आणि धातूचे पाइपही खातं. धुण्याचा सोडा थोडा-थोडा घालत जा, फेस यायचा थांबला की दोन दिवस ठेवा. तळाशी बसलेला साका आणि वरचं पाणी घातक कचरा गोळा करणाऱ्या यंत्रणेकडे द्या.

भोकं आता पाडा

कोरून झाल्यावर आणि रंगाआधी. कोरलेल्या अधिक-चिन्हावर सेंटर पंच ठेवून एक टोला, मग ३ मिमीचा बिट, मग स्टेप ड्रिल (भोक टप्प्याटप्प्याने मोठं करणारा पायऱ्यांचा बिट). डबी शिकंज्यात किंवा क्लॅम्पमध्ये, पोटात तोच लाकडी ठोकळा. हातात धरून ड्रिल करू नका. बिट पातळ पत्र्यातून आरपार जाताना अडकतो आणि डबी भिंगरीसारखी फिरते, बोटांसकट. आतून भोकं आखणार असाल तर डावं-उजवं उलटतं, हेही आठवा. पोटेन्शिओमीटरच्या अंगावर एक छोटा दात असतो. तो पक्कडीने तोडा, नाहीतर पोटेन्शिओमीटर चेहऱ्याला सपाट टेकणार नाही.

रंग भरणं

पूर्ण चेहऱ्यावर इनॅमल स्प्रेचे दोन पातळ हात मारा आणि निदान एक दिवस वाळू द्या. मग पुन्हा काचेवर चिकटवलेला पेपर: ४००, नंतर ६००, पाणी लावून, एकाच दिशेने. वरचा रंग निघतो, खाचेतला राहतो. इथेही पेपर बोटाने धरलात तर बोटाचं मांस खाचेत उतरतं आणि रंग उपसून काढतं. रंग ओला असताना घाई केलीत तर तो खाचेतून चिखलासारखा ओढला जातो.

रसायन नकोच असेल तर

वॉटरस्लाइड डिकल (पाण्यात भिजवून डबीवर सरकवायचं छापील चित्र) हा सोपा पर्याय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पारदर्शक फिल्मवर छापा. इंकजेटवर छापलंत तर बुडवण्याआधी फिल्मवर पारदर्शक लॅकरचे दोन-तीन पातळ हात द्या, नाहीतर शाई पाण्यात विरघळेल. पाण्यात अर्धं-एक मिनिट भिजवा, कागदावरून सरकवत डबीवर न्या आणि मऊ कापडाने मधून कडेकडे पाणी दाबून काढा. साधे प्रिंटर पांढरी शाई छापत नाहीत, म्हणून गडद डबीवर पारदर्शक फिल्मवरचं चित्र गायब होतं. तिथे पांढरी फिल्म घ्या किंवा डबी फिकी रंगवा.

हात चांगला असेल तर सरळ पेंट मार्करने काढा. मात्र साध्या परमनंट मार्करवर लॅकर मारलं की शाई पसरते. डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आधी चाचणी घ्या.

लॅकर आणि जुळणी

उघडं अ‍ॅल्युमिनियम हाताच्या घामाने काळपट पडतं, म्हणून वर पारदर्शक लॅकर. २५-३० सेंटिमीटरवरून धुक्यासारखे पातळ हात, प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, चार-पाच हात. दमट हवेत मारलंत तर लॅकर दुधाळ होतं. हाताला कोरडं लागलं म्हणजे कडक झालं असं नाही. निदान आठवडा जाऊ द्या. कच्च्या लॅकरवर नट आवळला की वॉशरखाली त्याची सुरकुती पडते. फूटस्विचखाली नायलॉनचा वॉशर घाला, आणि नट बाहेरून आवळण्याऐवजी खोली आतल्या नटने जुळवून घ्या, म्हणजे पान्हा चेहऱ्यावर घसरायचा प्रसंगच येत नाही.

एक जागा मात्र नागडीच ठेवायची: डबीची आतली बाजू आणि झाकण टेकतं ती कड. धातूची डबी ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूला) जोडलेली असते म्हणूनच बाहेरची गुणगुण आत शिरत नाही. जॅक टेकतो तिथे किंवा झाकणाच्या कडेवर रंग गेला तर तो संपर्क तुटतो आणि इतकी देखणी डबी अ‍ॅम्प्लिफायरमधून घूं घूं करत बसते. रंगाआधी त्या कडांना मास्किंग टेप लावा. जुळणी झाल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक जॅकच्या ग्राउंडला, दुसरं झाकणाच्या आतल्या उघड्या धातूला, झाकण डबीवर दाबून. बीप वाजला नाही तर पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन कड थोडी घासा. वाजला की झाकणाचे चार स्क्रू लावा.